केशोरावांनी कपाट रिकामं केलं

"तो तपकिरी सफारी घालून आले त माह्या बाजूले फोटोत उभे राहू नोका," एवढं बोलून सुशिलाबाई तिरोड्याच्या बसमध्ये चढल्या आणि खिडकीची जागा पकडून दुसरीकडे पाहू लागल्या.

केशोराव राहांगडाले खाली उभेच. बोदलकशाच्या तलावाजवळ सुशिलाबाईंचं माहेर, तिथे रविवारी भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. बाई कामाला म्हणून बुधवारीच निघाल्या, नवऱ्यानं रविवारी सकाळी यायचं, असं सगळं व्यवस्थित ठरलेलं. त्यात हे वाक्य कुठेच नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात बाईनं त्यांच्या घोरण्याला नावं ठेवली, भाजी निवडण्याला ठेवली, एकदा तर देवापुढे उभं राहण्याच्या पद्धतीलाही ठेवली. पण सफारीला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. एकोणीस वर्षं तो सफारी लग्नाला गेला, बारशाला गेला, पाटबंधारे खात्यातल्या निरोप समारंभाला गेला. गोंदिया जिल्ह्यात काही माणसं अशी होती, की त्यांनी केशोरावांना सफारीशिवाय पाहिलंच नव्हतं आणि दोघांत फरक करण्याची त्यांना कधी गरजही पडली नव्हती.

बस गेली. वाक्य मात्र गोंदियालगतच्या फुलचूरच्या घरापर्यंत बरोबर चालत आलं.

संध्याकाळी नागपूरहून लेकीचा, टीनाचा फोन आला. बापानं आवाजात दुःख ठेवलं होतं, ते तिनं बरोबर ओळखलं.

"बाबा, आई चुकीचं नाही बोलली," टीना म्हणाली. "तुमच्याकडे कपडे आहेत, स्टाईल नाही. थांबा, एक व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओत पुण्याची एक बारीक मुलगी होती. तिच्या मागे पांढरी भिंत, भिंतीला पांढरं कपाट, कपाटात मोजून अकरा कपडे. आणि ती सुखी होती. हे केशोरावांनी तीन वेळा पाहिलं, कारण त्यांचा विश्वास बसेना. मुलीचं म्हणणं सोपं होतं. कपाटातलं सगळं, अगदी सगळं, एकाच वेळी बाहेर काढा. पलंगावर पसरा. बूट-चपलाही समोर मांडा. मग तीन ढीग करा: ठेवायचे, द्यायचे, विचार करायचा. जे कपडे घातल्यावर तुम्ही 'तुम्ही' वाटता तेवढेच ठेवा, आणि पुढचे थोडेच घ्या, पण एकमेकांशी जुळणारे.

बत्तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कोणी रकाने आखायला सांगितले, की त्याच्या अंगात बळ येतं. गुरुवारी सकाळी केशोरावांनी चार्ट पेपर आणला, पट्टीनं रेघा मारल्या आणि लाल शाईनं शेरे लिहिले. 'निळी पँट: बसता येते, उठता येत नाही.' 'पोपटी चौकडीचा शर्ट: साळ्याचा आहेर, साळा हयात, सबब देता येत नाही.' 'तपकिरी सफारी: निर्णय प्रलंबित.' तो तक्ता त्यांनी कपाटाच्या दाराला चिकटवला आणि लांब उभं राहून पाहिला. नोकरीत एवढं स्वच्छ काम त्यांच्या हातून झालं नव्हतं.

दुपारी ते बाजारात हिरालाल टेलरकडे गेले. हिरालालनं माप घेता घेता त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं डॉक्टर क्ष-किरणाच्या फोटोकडे पाहतो.

"साहेब, ढगळा जमाना गया," तो म्हणाला. "शर्ट पिस्ता कलर. और पँट टखने के ऊपर."

"पाय उघडे पडतीन ना."

"वोइच तो दिखाना है." मग टेप गळ्यात टाकून त्यानं मिशीकडे बोट केलं. "और ये कपडे पे ये मूछ मत रखना साहेब. स्लॅब के ऊपर कवेलू जैसा दिखता."

शनिवारी दुपारपर्यंत कपडे देतो म्हणाला. केशोराव घरी आले ते मिशीच्या कौलांना हात लावत.

आता पसरायचं कुठे, हा प्रश्न होता. तो शेजारच्या भैय्यालालजींनी सोडवला. भैय्यालालजी पोस्टातून निवृत्त झालेले, त्यामुळे दुसऱ्याच्या घरी काय आलं आणि काय गेलं यावर त्यांचं लक्ष अजून टिकून होतं.

"घरात पसरू नोका, केशोराव," ते कुंपणावरून म्हणाले. "कपड्यात ढेकून असतीन त गादीत शिरतीन. अंगनात खाट टाका. ऊनही लागते, लोकायलेही दिसते."

"लोकायले कायले दाखवू?"

"मंग स्टाईल कोनासाठी करून राहिले?"

 शनिवारी सकाळी आठ वाजता केशोरावांनी अंगणात खाट टाकली आणि कपाट रिकामं केलं. तीन ढीग झाले. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि टॉवेल एवढं अंगावर ठेवून बाकीचं सगळं खाटेवर. खाटेखाली तीन जोड चपला आणि एक बूट. एक, कारण दुसरा दोन हजार सोळापासून सापडत नव्हता. सफारी त्यांनी 'विचार करायचा' या ढिगावर ठेवला, मग 'ठेवायचे'वर, मग परत मध्ये, आणि मन घट्ट करण्यासाठी ते मिशी काढायला आत गेले.

मिशी अर्धीच करायची होती. पण डावी बाजू उजवीच्या पुढे जाई, मग उजवी डावीच्या. तोंडाला फेस, हातात वस्तरा, अशात अंगणात मोटारसायकल वाजली. चोरखमाऱ्याकडचं त्यांचं दोन एकर धान करणारा श्यामलाल नवे तांदूळ घेऊन आला होता. श्यामलाल फार आज्ञाधारक माणूस. सांगितल्यापेक्षा कमी काम त्यानं कधी केलं नाही, आणि जास्त काय करायचं ते विचारूनच करी.

"श्यामलाल," केशोराव न्हाणीच्या खिडकीतून म्हणाले, "खाटेवरचं ने रे, तुह्यासाठीच काढलं."

त्यांच्या मनात पायाकडचा, 'द्यायचे'चा ढीग होता. मनातलं खिडकीतून दिसत नाही.

"खाटही नेऊ का जी?" श्यामलालनं विचारलं. "खळ्यावर राखनीले लागते."

"ने," केशोराव म्हणाले, कारण त्याच क्षणी वस्तरा उजवीकडून जास्त गेला होता.

मिशी संपवून ते बाहेर आले तेव्हा अंगण असं स्वच्छ होतं, जणू नुकतंच सारवलंय. खाट नाही, ढीग नाहीत, खाली मांडलेला एकटा बूटही नाही. केशोराव टॉवेल सावरत बराच वेळ त्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिले. पुण्याच्या मुलीकडे निदान अकरा कपडे होते.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात जिवंत माणसाचे कपडे घरातून एकेक करून जातात. नवा शर्ट आधी लग्नाचा असतो, मग ऑफिसचा, मग झोपायचा, मग त्यानं गाडी पुसतात, मग ओटा, आणि शेवटी तो चुलीतली गरम भांडी उतरवताना जळतो. यात वीस-पंचवीस वर्षं जातात. एखाद्याचे सगळे कपडे, चपला आणि अंथरुणाची खाट एकाच वेळी दाराबाहेर गेली, तर त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. अशी उलटी खाट आणि गाठोडं घेऊन जाणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. बाजूला होतात आणि हात जोडतात.

श्यामलालनं खाट उलटी करून मोटारसायकलला बांधली होती, पाय वर. मध्ये गाठोडं. गोंदियाहून तिरोड्याच्या रस्त्याला तो लागला आणि त्याला जाणवलं, की आज लोक फार अदबीनं वागताहेत. पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. एका ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. श्यामलालनं मोटारसायकल दिवाळीलाच घेतली होती. गाडीचा परिणाम, असं समजून तो सगळ्यांना मान हलवून प्रतिसाद देत गेला. तिरोड्याच्या नाक्यावर सुशिलाबाईंच्या नात्यातला कोणी चहा पीत होता. त्याला गाठोड्यातून लोंबणारी एक तपकिरी बाही दिसली. त्यानं कप खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.

इकडे भैय्यालालजींना हिरालालकडे पाठवून केशोराव टॉवेल गुंडाळून दारात बसले होते. अकराच्या सुमारास फाटकाशी ऑटो थांबला. सुशिलाबाईंची मावसबहीण सावित्रीबाई उतरल्या, गोंदियातच राहणाऱ्या. त्या फाटकापासूनच रडत आल्या. दारात बिनमिशीचा, बनियनवर टॉवेल घेतलेला माणूस पाहून त्यांनी पदर डोळ्याला लावला.

"तुमी लहाने भाऊ का जी त्यायचे? चेहरा अगदी तसाच आहे."

"सावित्रीबाई, मी केशोराव."

बाई पायरीवर बसल्या. पाणी मागितलं. तांब्याभर पाणी पिऊन त्यांनी केशोरावांच्या पायांकडे पाहिलं, ते जमिनीला टेकलेत की नाहीत याची खात्री केली, आणि मग थोड्या रागानं विचारलं, "मंग गेलं कोन?"

"कोनीच नाई."

"असं कसं? खाट गेली ना."

केशोरावांना सगळं कळायला अर्धं मिनिट लागलं.  स्वतःच्या मरणाचं त्यांना विशेष वाटलं नाही. त्यांना दुसरंच दिसलं.

"सुशिलाले कोनी सांगतलं का?"

"दुर्गाप्रसादले दहा वाजताच फोन गेला," सावित्रीबाई म्हणाल्या.

दुर्गाप्रसाद म्हणजे सुशिलाबाईंचा भाऊ. पोपटी शर्टाचा आहेर करणारा. केशोरावांनी बायकोला फोन लावला, तर तलावाकाठच्या गावात नेहमीप्रमाणे ती संपर्क क्षेत्राबाहेर. दुर्गाप्रसादला लावला, तर तो व्यस्त. दहा वेळा लावला, दहा वेळा व्यस्त. तो कुणाकुणाला काय सांगत असेल हे उघड होतं. अशा वेळी बायका जमतात, आणि जमल्या की पहिलं काय करतात, ते केशोरावांना माहीत होतं. सुशिलाबाईंच्या हातात साक्षगंधासाठी नव्या हिरव्या बांगड्या होत्या. बुधवारी सकाळी केशोरावांनी स्वतःच त्यांना कासाराकडे नेऊन भरवल्या होत्या.

तेवढ्यात भैय्यालालजी पिशवी घेऊन आले. पिस्ता शर्ट, घोट्याच्या वर थांबणारी राखाडी पँट. पायात घालायला काही उरलं नाही हे कळल्यावर हिरालालनं काचेच्या कपाटात नवरदेवासाठी ठेवलेल्या लाल मोजड्या उसन्या दिल्या होत्या. केशोरावांनी ते सगळं घातलं, आरशात पाहिलं, आणि आत एक अनोळखी, बऱ्यापैकी पैसेवाला माणूस पाहून ते दचकले. पण विचार करायला वेळ नव्हता. स्कूटर काढली.

"हळू जा," भैय्यालालजी म्हणाले. "आज दुसऱ्यांदा बातमी येऊ देऊ नोका."

तिरोड्याला नाक्यावर हवालदारानं शिटी वाजवली. एकसष्ट वर्षांच्या माणसानं एवढ्या जोरात स्कूटर हाणावी, हे त्याला पटलं नव्हतं. लायसन मागितलं. फोटो पाहिला, केशोरावांकडे पाहिलं, परत फोटो.

"हा कोन आहे?"

"मी."

"याले मिशी आहे."

"होती."

"सफारी?"

"तोही होता."

हवालदारानं नाव वाचलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. "केशोराव राहांगडाले, फुलचूर. हे त आज सकारीच वारले जी. त्यायची खाट गेली इथून, मी सोता ट्राफिक थांबवला."

"अहो, मी जिता आहे."

"काई कागद आहे का तसा?"

 सरकारी नोकरीत त्यांनीच हा प्रश्न किती लोकांना विचारला होता. समोर उभं असणं हा पुरावा होत नाही, हे ते स्वतः काउंटरवरून सांगत आले होते. आज पहिल्यांदा काउंटरच्या या बाजूनं ते वाक्य कसं ऐकू येतं ते त्यांना कळलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. हवालदार मनानं वाईट नव्हता. त्यानं लायसन परत केलं.

"जवळचे दिसता त्यायच्या," तो म्हणाला. "दुःखात आहात म्हनून सोडतो. पन मेलेल्या मानसाच्या लायसनवर गाडी चालवू नोका, बरं नाई दिसत."

बोदलकशाच्या अलीकडचं ते गाव आलं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. साक्षगंधाचा मांडव टाकलेला. त्याच मांडवात सतरंजीवर पंधरा-वीस माणसं खाली मान घालून बसलेली. रंगीत झालर वर, आणि खाली हे. कोणी झालर काढायची की नाही ते ठरवू शकलं नव्हतं. दुर्गाप्रसाद कानाला फोन लावून उभा होता. लाल मोजड्यांचा पाहुणा पाहून त्यानं फोन खाली केला.

"या जी. कोठून आले?"

"फुलचूरहून," केशोराव म्हणाले. पुढचं बोलायच्या आत दुर्गाप्रसादनं त्यांना सतरंजीकडे वळवलं.

"म्हनजे तिकडूनच. बसा. पानी द्या रे पाहुन्यायले."

पाणी आलं. केशोराव स्वतःच्या शोकाला पाहुणे म्हणून बसले. सांगायचं तर कसं सांगायचं? असल्या बैठकीत मधेच उठून 'तो मी' म्हणण्याचा सराव कोणालाच नसतो. ते शब्द जुळवत होते, तोवर शेजारचे दोघं बोलून राहिले होते.

"मानूस साधा होता."

"साधा म्हनजे, एकच सफारी."

"जेवन मात्र चांगलं होतं."

"बाकी काई म्हनन्यासारखं नव्हतं."

एकसष्ट वर्षं चार वाक्यांत झाली. केशोरावांनी पेला खाली ठेवला. मग त्यांनी दुर्गाप्रसादला धीर करून विचारलं, "सुशिलाबाई कुठी आहेत?"

"आत. काई ऐकतच नाई जी," दुर्गाप्रसाद हळू आवाजात म्हणाला. "सकारपासून अनारशाचं पीठ मळून राहिली. बायका बांगड्यायसाठी बसल्या आहेत, त म्हनते हात खाली नाई, पीठ लागलं आहे."

त्याच वेळी सुशिलाबाई दारात आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, आणि पिठातून हिरव्या बांगड्या दिसत होत्या. त्यांनी मांडवावरून नजर फिरवली. ती पिस्ता शर्टावर थांबली, खाली घसरली आणि घोट्यांवर येऊन अडकली.

"टीनाचे बाबा," त्या म्हणाल्या, "पाय काऊन उघडे टाकले?"

मांडवातली सगळी डोकी एकदम वर झाली. दुर्गाप्रसादच्या हातातला फोन सतरंजीवर पडला, आणि त्यातून कोणी तरी बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिलं. ज्यानं जेवण चांगलं होतं म्हटलं होतं, तो हळूच दोन माणसं पलीकडे सरकला.

"मी सांगूनच राहिली होती याहीले," सुशिलाबाई भावाकडे वळून म्हणाल्या. "मरन मी मानलं असतं. मरन काय, कोनालेही येते. पन म्हने कपडे सारे एकाच वक्ती घरातून गेले. ते नाई मानलं मी. हा मानूस कपडे देईन? मरतीन त घालून मरतीन."

केशोराव उभे राहिले. "देल्ले," ते म्हणाले.

"काय देल्ले?"

"सारेच. सफारीही गेला."

सुशिलाबाईंचा चेहरा बदलला. दहा वाजल्यापासून ज्या बाईच्या डोळ्यात टिपूस नव्हता, ती मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली आणि रडायला लागली. मेल्याची बातमी त्यांना हलवू शकली नव्हती, पण हे खरं होतं आणि समोर उभं होतं. स्वभाव असा एकाएकी पालटला, की तो माणूस फार दिवस राहत नाही, हे त्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकलं होतं. आतल्या बायका सकाळपासून रडण्याची वाट पाहत होत्या. त्यांना कारण कळलं नाही, पण त्यांनी साथ दिली.

"सुशिला, मले काई झालं नाई," केशोराव ओशाळून म्हणाले. "तूच त म्हनली, बाजूले उभे राहू नोका."

रडणं थांबलं. बाईंनी मान वर केली. ओठावरची गोरी पडलेली जागा पाहिली, पिस्ता शर्टाची कडक कॉलर पाहिली, लाल मोजड्यांत कोंबलेले पाय पाहिले.

"माह्या त्या बोलन्यावरून?"

"हो."

 घागरीतलं पाणी घेऊन सुशिलाबाईंनी हात कोपरापर्यंत धुतले, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चला. गावातून जाऊन येऊ. घरोघरी फोन गेले आहेत, लोकायले दिसू द्या. नाईतर उद्या साक्षगंधाले कोनी माह्या हातून कुंकू लावून घेनार नाई."

आणि त्या निघाल्या. पुढे नाही, मागे नाही, बाजूनं. पहिल्या दारातल्या बाईनं सुशिलाबाईंना हात जोडले आणि पाहुण्याकडे संशयानं पाहिलं. "टीनाचे बाबा आहेत," सुशिलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दारात परत तेच. लोक मान हलवत, पण विश्वास कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हता. टीनाचे बाबा म्हणजे तपकिरी रंगाचे, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. मागून कुजबुज येत होती, की दुःखानं बाईचं डोकं फिरलं आणि कोणाही पाहुण्याले धरून फिरून राहिली. केशोराव खाली मान घालून चालत होते. मोजड्या करकरत होत्या.

गावाच्या टोकाला ओट्यावर रुख्मा आजी बसली होती. नव्वदीची, कानानं मंद, डोळ्यानं त्याहून मंद, पण गावातली शेवटची खात्री तिच्याचकडे असे. तिनं केशोरावांना खाली वाकायला लावलं आणि तोंडावरून हात फिरवला.

"याले मिशी नाई," ती म्हणाली. "सुशिला, कोन मानूस फिरवून राहिली व?"

"टीनाचे बाबा, आजी."

"ते त मेले. याचं नाव काय?"

 लग्नाच्या दिवशी बायकांनी अडवून घ्यायला लावलं होतं तेवढं एकदा, त्यानंतर सुशिलाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या फॉर्मवर त्यांनी दुसऱ्याकडून वदवलं. मतदानाला गेल्या, साहेबानं विचारलं, तर रांगेतल्या टीनाकडे बोट केलं. दवाखान्यात डॉक्टर चिडला तरी नाही. ते नाव त्या घेणार नाहीत, हे केशोरावांना इतकं माहीत होतं, की त्यांनी स्वतःच उत्तर द्यायला तोंड उघडलं.

सुशिलाबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. मागच्या दारांतून पाहणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला.

"केशोराव."

"आं?" आजीनं कान पुढे केला.

"केशोराव राहांगडाले. फुलचूरवाले. जिते आहेत, आन माहे आहेत."

सकाळपासून आपल्या मरणाची बातमी ऐकूनही जो माणूस दोन पायांवर उभा होता, त्याला आता आजीच्या ओट्यावर बसावं लागलं.